आधी पोटॅशियम

साखर ४८०, पोटॅशियम २.९, सलाईन चालू आहे, लघवी होतेय. आता पुढे काय? प्रश्न एवढाच होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी मधुमेहातला किटोअ‍ॅसिडोसिस टीम-बेस्ड लर्निंगने (टीबीएल) घेतला. घरून वाचून यायचं, आधी एकट्याने चाचणी द्यायची, मग तीच चाचणी सात जणांच्या गटाने मिळून सोडवायची. गटाला एक कार्ड मिळतं. पर्याय ठरला की त्याच्यावरचा थर खरवडायचा, खाली तारा निघाला तर बरोबर.

एकटीच्या चाचणीत मी ‘ब’ लिहिलं होतं: आधी पोटॅशियम, तोवर इन्सुलिन थांबवा. गटात मी तेच दोनदा म्हणाले. समोरची म्हणाली, "अगं, साखर बघ ना किती आहे!" कोणीतरी हात वर करायला सांगितलं. सहा विरुद्ध एक. ‘अ’ खरवडला, कोरा. मला वाटलं, आता तरी विचारतील. माझ्याकडे न बघताच ‘ड’ खरवडला, तोही कोरा. तिसऱ्या खेपेला ‘ब’. तारा निघाला, पण आमच्या पदरात चारपैकी एकच गुण पडला. कोणी काही बोललं नाही, पुढचा प्रश्न सुरू झाला.

एवढ्यावर भागलं असतं तर विसरले असते. शेवटी गटातल्यांनी एकमेकांना दहापैकी गुण द्यायचे होते. मला सरासरी चार मिळाले. निनावी शेरा होता, ‘चर्चेत भाग घेत नाही.’ बाकीचे इंग्रजीत भराभर बोलत होते, मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. पण दोनदा बोलले होते ना मी! माझा एकटीचा पेपर सरांच्या टेबलावरच होता. तो गटाच्या कार्डाशेजारी ठेवून बघायला किती वेळ लागला असता? जे शिक्षक ही पद्धत वापरतात त्यांनी एवढं तरी करावं. आणि गटातल्यांचे गुण पहिल्याच दिवशी मागू नयेत, माणसं आधी एकमेकांना कळू द्यावीत.

ही पद्धत ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्यवस्थापनाच्या मोठ्या वर्गांसाठी बसवली, हे मी नंतर वाचलं. त्यात गटाला लेखी अपील करता येतं. पण गटाच्या विरुद्ध एकटीने अपील कुठे करायचं?

आता मी रेसिडेन्ट आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला एकोणीस वर्षांची मुलगी आली, धापा टाकत, तोंडाला तो गोडसर वास. इंटर्नने इन्सुलिन भरून ठेवलं होतं. रिपोर्ट आला, पोटॅशियम २.८. मी सिरिंज इंटर्नच्या हातातून काढून घेतली आणि केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) लावायला सांगितलं. इन्सुलिन उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत ढकलतं आणि हृदयाची लय बिघडते, हे इंटर्नला मॉनिटरपाशी उभं करून समजावलं. समजावताना लक्षात आलं, गटात मी उत्तर दोनदा सांगितलं, पण हे कारण एकदाही सांगितलं नव्हतं. लेक्चरमधलं मला फारसं आठवत नाही. ही गोष्ट त्या भांडणामुळेच अंगात भिनली.

आता इंटर्न्सना केस शिकवताना मीही त्यांचे गट करते. ते चार गुण मात्र मला अजून मान्य नाहीत.