बाईंचा रेडिओ



दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत एक लहानसं पुस्तक सापडलं. सासऱ्यांच्या नावाचं, रेडिओचं लायसन्स! नातीला खरंच वाटेना. "आजी, रेडिओ ऐकायला लायसन्स?" हो गं, पूर्वी दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्यावर शिक्का घ्यावा लागायचा. पुस्तक हातात घेतलं आणि सासूबाई डोळ्यांसमोर आल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो.

बीवायके कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि १९८२ साली रविवार कारंजाजवळच्या वाड्यात सून म्हणून आले. स्वयंपाकघरातल्या फळीवर मर्फीचा रेडिओ, वर बाईंनी विणलेलं झाकण. सुरू केला की आधी तापायचा, मग बोलायचा. मुंबई आणि पुणे ही केंद्रं लागायची. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, त्यात सुधा नरवणे यांचा आवाज. बातम्या संपल्या की बाई सामायिकाला बसायच्या. दुपारी वनिता मंडळ ऐकता ऐकता पापड लाटून व्हायचे. बाई शाळेत फार शिकल्या नव्हत्या, पण देशात काय चाललंय ते त्यांना माझ्याआधी ठाऊक असायचं. चौविहाराच्या वेळीही तेच. सूर्यास्त पंचांगात बघायचा आणि घड्याळ रेडिओवर लावायचं.

बाई जुन्या गोष्टी सांगायच्या. १९५५ साली पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा वर्षभर दर आठवड्याला गदिमांचं नवं गीत बाबूजींच्या चालीवर यायचं. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते शेजारी ओसरीवर येऊन बसायचे. त्याच काळात आकाशवाणीने सिनेमाची गाणी फार कमी केली होती, म्हणून लोक रेडिओ सिलोन लावायचे आणि अमीन सायानींची बिनाका गीतमाला ऐकायचे. ऐकणारे तिकडे गेलेले पाहून सरकारने १९५७ मध्ये विविध भारती सुरू केलं. १९६७ पासून त्यावर जाहिराती आल्या. म्हणजे ऐकणाऱ्यांनी कान फिरवला की रेडिओलाही बदलावं लागतं, हे तेव्हापासूनचंच.

पुढे नाशिकलाही आकाशवाणीचं आपलं केंद्र झालं, एफएमवर १०१.४. मग २००५ च्या धोरणानंतर आपल्यासारख्या शहरांतही खाजगी एफएम आले. दिवसभर गाणी, मध्ये हसतखेळत गप्पा आणि जाहिराती. त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आणि जाहिरातीवर चालणारा धंदा म्हटलं की कार्यक्रम खरेदी करणाऱ्यासाठीच होणार. यात त्यांचा दोष नाही, हा साधा जमाखर्च आहे. पण ऐंशी पार केलेल्या बाई त्या हिशोबात कुठल्या रकान्यात बसणार?

तोवर बाईंची नजर जवळजवळ गेली होती. मर्फी कधीच बंद पडला होता. माझ्या मुलाने हौसेने छोटा एफएम रेडिओ आणला, गाण्यांचं एक स्टेशन लावून दिलं आणि बाईंच्या उशाशी ठेवला. पहिले काही दिवस त्या विचारायच्या, "बातम्या कधी लागतात गं?" मी हातातलं काम न सोडता म्हणायचे, "बाई, यावर बातम्या नसतात, गाणीच असतात." एक दिवस जरा चिडूनच म्हटलं. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, सवय झाली.

मग थंडीतली ती संध्याकाळ. घरी पाहुणे होते. मी बाईंचं ताट त्यांच्याजवळ ठेवून आले आणि गडबडीत विसरले. त्या वाट पाहत होत्या की मी येऊन वेळ सांगेन. रेडिओवरचे लोक वेळ सांगतही असतील, पण ते भरभर बोलणं त्यांना उमगत नव्हतं. शेवटी अजून उजेड असेल असं समजून त्या जेवल्या. मी गेले तेव्हा सूर्य मावळून बराच वेळ झाला होता. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी दुसऱ्या दिवशी उपवास केला. मला एक शब्दही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ बसले आणि रेडिओची कळ हळूहळू फिरवली. १०१.४ वर आकाशवाणी लागली. थोड्या वेळाने बातम्या सुरू झाल्या. बाईंनी नुसता माझा हात धरला. आकाशवाणी कुठे गेलीच नव्हती. कळ फिरवायला दोन मिनिटं लागली असती, ती मी त्यांना इतके महिने दिली नव्हती.

बाई गेल्या, रेडिओ कपाटात राहिला. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही छोटी रेडिओ केंद्रं चालवता येऊ लागली आहेत. असंच आपल्या नाशिकचं रेडिओ विश्वास, ९०.८. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा जून २०२० पासून त्यांनी जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतल्या तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी शिक्षकांचे धडे लावले. त्याबद्दल पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी एकच मोबाईल, तोही त्यांच्या मिस्टरांकडे. मुलगी सातवीत. मी बाईंचा रेडिओ काढला, नवे सेल घातले, या वेळी स्वतः ९०.८ लावून दाखवलं आणि धड्यांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या.

आपण स्वतःला श्राविका म्हणवतो. महाराजसाहेब प्रवचनात सांगतात, श्रावक म्हणजे ऐकणारा. स्थानकात आपण मन लावून ऐकतोच. पण घरात कोणी एकच गोष्ट चार वेळा विचारत असेल, तर तेही ऐकायला हवं. तुमच्या घरात कोणी वयस्कर असेल, तर आज त्यांच्या रेडिओची नाहीतर टीव्हीची कळ त्यांना विचारून लावून द्या.

संवत्सरीला मी सगळ्यांना खमावते. बाईंना मात्र हे तोंडाने सांगायचं राहूनच गेलं. म्हणून इथे लिहिते : बाई, मिच्छामि दुक्कडम्.