काटा आणि वजन

गेल्या भाऊबीजेला वहिनी आणि पुतण्या रावेरहून आमच्याकडे बुऱ्हाणपूरला आले. पुतण्या पुण्यात शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका गॅरेजात काम करतो. त्याच्या पिशवीतून फराळाच्या डब्याबरोबर एक छोटी जाड बाटली निघाली. सौ. घाबरलीच. "काकू, रिकामी आहे," तो हसून म्हणाला.

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे 402 मीटर, सुसाट जायचे. गिअर टाकताना क्षणभर उशीर झाला तरी शर्यत गेली. म्हणून काही गाड्यांत गिअरचा दांडा हाताने ओढत नाहीत. चालकाने बटण दाबले की विजेवरची झडप उघडते, बाटलीतला वायू नळीतला दट्ट्या ढकलतो आणि दट्ट्या गिअर पाडतो. हवा भरणारे यंत्र गाडीत ठेवले तर वजन वाढते. त्यापेक्षा ही बाटली बरी. तिच्यात कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. वीस अंश तापमानाला त्याचा दाब सुमारे 57 बार, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या पंचवीसपट तरी! रेग्युलेटर तो कमी करून पुढे सोडतो.

"मग ही रिकामी कशी झाली?" मी विचारले.

त्याचा चेहरा उतरला. "काका, चूक माझीच. शर्यतीआधी काटा पाहिला, दाब भरपूर दिसला. पण तिसऱ्यानंतर चौथा गिअर पडलाच नाही. आत थेंबभर द्रव असेपर्यंत काटा हलत नाही. तो संपला की मगच दाब झपाट्याने उतरतो. बाटलीत किती उरलंय ते काटा सांगत नाही, वजन सांगतं."

सौ. लगेच म्हणाली, "आमच्या गॅसच्या टाकीचंही तेच. शेवटच्या चहापर्यंत ज्योत तशीच, आणि पाहुणे आले की फुस्स!" खरेच आहे. घरच्या टाकीत 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. तोलून पाहिले की हिशेब कळतो. आपण मात्र टाकी हलवून अंदाज बांधतो.

बोलता बोलता सौ.ची नजर वहिनींच्या हाताकडे गेली. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"वहिनी, वजन केलंत का एवढ्यात?"

"मला काय धाड भरलीय? मी बरी आहे."

दादा गेल्यापासून वहिनी रावेरला एकट्या राहतात. मी दर रविवारी फोन करतो. त्यांचा आवाज नेहमी खणखणीत, उत्तर नेहमी एकच, "मी बरी आहे." तेवढे ऐकून मी निर्धास्त फोन ठेवत आलो. त्या दिवशी पुतण्याने माझ्याकडे पाहिले. दोघांच्याही मनात एकच आले असावे.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेले. वर्षभरात वजन सात किलोंनी उतरले होते. रक्त तपासले, मधुमेह निघाला. फार वाढण्याआधी कळले, हेच नशीब. आता गोळ्या, पथ्य आणि सकाळचे चालणे सुरू आहे.

पुतण्या पुण्याला परतताना म्हणाला, "काका, आता प्रत्येक शर्यतीआधी बाटली तोलतो." मीही माझी सवय बदलली. रविवारच्या फोनवर "कशा आहात?" असे आता विचारत नाही. "वहिनी, या महिन्यात वजन किती?" एवढेच विचारतो. त्या रागावतात, पण आकडा सांगतात.