डब्यातला सहप्रवासी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे ख्रिस्ती श्रद्धा मांडण्याचे काम वक्तृत्वाचे समजले जाते. पण ते वर्षानुवर्षे करणाऱ्याला त्यातले ऐकणेच अधिक जड जाते, कारण ‘सुवार्ता’, म्हणजे येशूविषयीची शुभवार्ता, सांगणाऱ्याजवळ उत्तरे तयार असतात आणि समोरच्याचा प्रश्न पुरता कानी पडण्याआधीच ती ओठांवर येतात.

जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. तिथल्या दोन पारशी तरुणांनी 1839 मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि अनेक पालकांनी मुले काढून घेतली. त्या तरुणांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. मात्र शिकवणारा आणि धर्म सांगणारा एकच असला की विद्यार्थ्याच्या होकारात त्याचे मन किती आणि गुरुजींचे वजन किती, हे निवडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 1977 मध्ये धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा नव्हे, असा निर्वाळा दिला.

विचार पटायला आपले घर सोडावेच लागते असेही नाही. म्हैसूरजवळच्या येलवालला 21 व 22 सप्टेंबर 1957 रोजी भूदान चळवळीचे प्रणेते विनोबा भावे यांच्या उपस्थितीत ग्रामदान, म्हणजे जमीन गावाच्या मालकीची करण्याच्या विचाराची, परिषद भरली, तेव्हा काँग्रेसपासून कम्युनिस्टांपर्यंतचे पुढारी आपापला पक्ष न सोडता एका विचारापाशी आले. याच विनोबांनी बायबलच्या नव्या करारातील वेचे ‘ख्रिस्तधर्मसार’ या नावाने संकलित केले, तरी ते हिंदूच राहिले; आणि ख्रिस्त आवडणारे, पण घरचा धर्म न सोडणारे असे विद्यार्थी ज्याला अपयश वाटतात, त्याने हे काम हाती घेऊ नये.

कवी नारायण वामन टिळक विद्यार्थिदशा ओलांडलेले होते, तरीही श्रद्धा न लादता मांडण्याच्या कलेचा उत्तम नमुना त्यांच्याच चरित्रात सापडतो. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाशी त्यांच्या गप्पा रंगल्या, आणि निरोप घेताना त्याने वाचण्याचे वचन घेऊन नव्या कराराची प्रत दिली. टिळक हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत वाचू लागले. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आले तेव्हा पुस्तक खाली ठेववेना. त्यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्या सहप्रवाशाचे नाव मात्र त्यांना कधीच कळले नाही.