हिंजवडीची वारी

परवा भाचीबरोबर हिंजवडीला जाण्याचा योग आला. तिची सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत होती. ताई बार्शीला, तेव्हा सोबत म्हणून मीच निघाले.

मनपाहून बस धरली. वाकडचा पूल येईपर्यंतच जीव मेटाकुटीला आला! हिंजवडी मूळचं मुळशी तालुक्यातलं शेतकऱ्यांचं गाव. म्हातोबा इथलं ग्रामदैवत. चैत्रात त्याचं बगाड निघतं. आता त्याच शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत.

भाची आत गेली, मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसले. फायली छातीशी धरलेल्या कितीतरी मुली तिथं होत्या. एकीनं मला सगळं समजावून सांगितलं. आधी कॉम्प्युटरवर परीक्षा, मग प्रोग्रॅम लिहायचा, मग तज्ज्ञांपुढे मुलाखत, आणि शेवटी एचआरकडे पगाराचं बोलणं. कुठंही गाळलं की घरी!

दोन तासांनी भाची आली ती तोंड उतरवूनच. प्रश्न होता, 'एखाद्या शब्दात पुन्हा न येणारं पहिलं अक्षर शोधा.' प्रत्येक अक्षर किती वेळा आलं ते आधी मोजायचं, मग पुन्हा पहिल्यापासून पाहत जायचं. तिला ते जमलंही होतं.

"मग बिघडलं कुठं?"

"मावशी, मी गप्प राहून सोडवलं. ते म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण विचार कसा केलास ते कळलंच नाही."

मी चपापलेच. मी शाळेत अर्धवेळ गणित शिकवते. 'तोंड बंद, हात चालू' हे माझंच पालुपद! दर सुट्टीत ही पोर माझ्याकडेच गणितं सोडवायची.

परतताना तिला सुधा मूर्तींची गोष्ट सांगितली. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्यात मुलाखत झाली, नोकरीही मिळाली. त्या गप्प बसल्या असत्या तर?

आता मी पोळ्या लाटते आणि भाची ओट्याशी उभी राहून मोठ्यानं गणितं सोडवते. मी फक्त "का गं?" एवढंच विचारते. पुढची मुलाखत गुरुवारी आहे. निकाल लागेल तो लागो. माझ्या वर्गातलं ते पालुपद मात्र मी कायमचं बंद केलंय. तुमच्या घरातल्या मुलींनाही जरा मोठ्यानं बोलू द्या बरं का!