खडूतला पाद्री

खडूने रेखाटलेल्या चित्राचे अस्तित्वच मुळी नाजूक असते. तैलरंग कॅनव्हासला धरून बसतो, जलरंग कागदात मुरतो. खडू मात्र कागदाच्या खरखरीत अंगावर नुसता टेकलेला असतो. काच काढून गालावरून बोट फिरवले, तर लाली बोटाला येते आणि गाल फिका पडतो. तरीही व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधून वसाहतींकडे निघालेल्या कितीतरी पाद्र्यांचे चेहरे अशा भुकटीच्या भरवशावर घरी राहिले.

जुन्या वस्तूंच्या बाजारात अशी चित्रे अजूनही आढळतात. कागद तपकिरी किंवा राखी. केसांना काळा खडू, ओठांना आणि गालांना गेरूच्या जातीचा तांबडा, कपाळावरच्या उजेडाला पांढरा. चेहरा मनापासून पुरा केलेला. अंगरखा मात्र चार रेघांत आटोपलेला, जणू देहाशी चित्रकाराला कर्तव्य नाही. चौकटीमागे लाकडाच्या लगद्याचा पुठ्ठा असला, तर त्यातले आम्ल हळूहळू कागदात उतरते आणि तपकिरी डाग पडतात. मागची चिठ्ठी गळून पडली, की नाव जाते. उरते ती पांढरी गळपट्टी.

या प्रकारात जॉर्ज रिचमंडचा (१८०९–१८९६) हात विशेष बसलेला होता. तरुणपणी तो विल्यम ब्लेकच्या भक्तमंडळात होता. १८२७ मध्ये ब्लेक वारला, तेव्हा त्याचे डोळे या अठरा वर्षांच्या मुलाने मिटले, असे सांगतात. दिव्य दर्शनांच्या त्या सहवासातून निघालेल्या माणसाने पुढे मोठा संसार चालवला तो मात्र व्यक्तिचित्रांवर. चित्रकाराने सत्य सांगावे, पण प्रेमाने सांगावे, अशी त्याची धारणा होती. ती उदार आहे, यात शंका नाही. ती सोयीचीही आहे, कारण चित्राचे पैसे ज्याच्या घरून येतात, त्याच्यावर प्रेम करणे फारसे अवघड नसते.

त्या प्रेमाच्या कक्षेबाहेर काय राहते, ते जॉर्ज ऑगस्टस सेल्विनकडे पाहिले की उमगते. तोही १८०९ चाच, रिचमंडहून आठवडाभराने धाकटा. १८४१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो न्यूझीलंडचा पहिला बिशप झाला. (त्याच्या सनदेत लेखनिकाच्या चुकीने दक्षिण अक्षांशाऐवजी उत्तर अक्षांश पडले आणि कागदोपत्री त्याचा धर्मप्रांत विषुववृत्त ओलांडून पार वर गेला. सेल्विनने ती चूक ईश्वरी संकेतासारखी मनावर घेतली आणि मेलानेशियाची बेटे पालथी घातली.) जहाजावर एका माओरी तरुणाकडून तो माओरी भाषा शिकला आणि उतरल्यावर त्याच भाषेत प्रवचन करू लागला. रिचमंडने काढलेल्या त्याच्या चित्रावरून सॅम्युअल कझिन्सने कोरलेला छाप १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात सेल्विन ऑकलंडला पोचला. म्हणजे चेहरा आधी पुरा झाला, आणि त्या चेहऱ्याने करायचे ते सारे नंतर घडले.

१८६० मध्ये वाइटाराच्या जमिनीच्या व्यवहाराला त्याने विरोध केला, तेव्हा गोरे वसाहतवाले त्याच्यावर उखडले. त्यांच्या लेखी तो माओरींचा पक्षपाती होता. पुढे १८६३ मध्ये वाइकाटोचे युद्ध पेटले आणि हाच माणूस ब्रिटिश फौजेचा धर्मोपदेशक म्हणून तिच्याबरोबर चालू लागला. दोन्हीकडच्या जखमींची त्याने सेवा केली, हे खरे. पण २१ फेब्रुवारी १८६४ रोजी फौजेने रांगिआओहिया हे गाव गाठले. तिथे मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. घरे जळली, माणसे मेली. ज्याने आपली भाषा शिकून घेतली, तोच मारणाऱ्यांच्या बाजूने आला, हा सल माओरींच्या मनात राहिला. परकी भाषा शिकणाऱ्याकडून माणसे फार मोठी अपेक्षा करतात, आणि ती करण्याचा त्यांना हक्क असतो.

१८६८ मध्ये तो लिचफील्डचा बिशप झाला आणि १८७८ मध्ये तिथेच वारला. छापावरचे वय मात्र अजून बत्तीसच आहे, आणि माओरीचा पहिला शब्दही त्या ओठांवर अजून आलेला नाही.