स्वर आणि औषध

संगीतानें रोग बरे होतात, हें वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, त्यांत खरें किती व भाविकपणा किती, याची चौकशी करण्याचें कोणास सुचत नाहीं. आमच्या घरीं मात्र हा केवळ चर्चेचा विषय नाहीं. आमच्या धाकट्या बंधूस गेलीं कित्येक वर्षें स्किझोफ्रेनियाची व्यथा आहे. मातोश्री यमन आळवूं लागल्या म्हणजे त्याच्या येरझारा थांबतात, आणि कानांत बोलणारे परके आवाज तेवढा वेळ मागें सरतात, असें तो स्वतः सांगतो. हें पाहून एका स्नेह्यांनीं सल्ला दिला, "आतां त्या गोळ्या कशाला? गाणेंच पुरे."

हा सल्ला मनांत घोळत असतांच आमचें फर्दापुरास जाणें झालें. तेथून जवळच, वाघूर नदीच्या वळणावर, अजिंठ्याचीं लेणीं आहेत. पहिल्या लेण्यांत महाजनक जातकाचें चित्र आहे. संसारास विटलेल्या राजाचें मन रमावें म्हणून नर्तकी नाचत आहे, भोंवतीं स्त्रिया बासरी व मृदंग वाजवीत आहेत. तरीही कथेंतील राजा अखेर निघून जातोच. त्याचें वैराग्य हा रोग नव्हे, हें खरें. तथापि संगीत मनाला हांक मारतें, बांधून ठेवीत नाहीं, एवढें त्या भिंतीपुढें आम्हांस पटलें.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत रुग्णगृहाचें वर्णन करतांना औषधें व परिचारक यांच्याबरोबर गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचीही योजना सांगितली आहे. बरोबर, ऐवजीं नव्हे. आधुनिक संशोधनाचा कौलही असाच आहे. २०१७ सालीं कॉक्रेन संस्थेच्या संशोधकांनीं स्किझोफ्रेनियासंबंधीं १८ प्रयोगांचा, म्हणजे १२१५ जणांचा, आढावा घेतला. नेहमींच्या उपचारांस संगीतोपचाराची जोड दिली असतां मनःस्थिति व लोकांत मिसळणें सुधारतें, असें त्यांस आढळलें. मात्र बैठका पुरेशा हव्यात व त्यांचा दर्जा चांगला हवा, आणि पुरावा अद्याप भक्कम नाहीं, हेंही त्यांनींच बजावलें आहे. अमुक रोगावर अमुक राग, अशी यादी त्यावरून निघत नाहीं.

मग गाणें करतें तरी काय? आलाप कितीही दूर गेला तरी षड्जावर परत येतो. ज्याच्या मनाला पुढच्या क्षणाचा भरंवसा उरलेला नाहीं, त्याला एवढें आश्वासनही थोडें नव्हे.

आम्हीं स्नेह्यांस नम्र नकार कळविला. औषध एकाएकीं थांबविल्यास हा रोग पुन्हां उसळण्याचा धोका मोठा असतो. गोळ्या चालू आहेत. शिवाय तंबोरा छेडण्याचें काम आतां बंधूकडे आहे. पुष्कळ वर्षांनीं घरांत कोणी त्याची वाट पाहत बसतें, कारण त्याच्यावांचून गाणें सुरू होत नाहीं.

ज्यांच्या घरीं असा रुग्ण असेल, त्यांनीं तंबोरा अवश्य आणावा. परंतु डॉक्टरांची चिठ्ठी फाडूं नये. रोग हटविण्याचें काम औषधाचें. रोग्यास माणसांत ठेवण्याचें काम स्वरांनीं करावें.