गावाचे कुरण, जगाचे मैदान

बार्शीटाकळीच्या कालंकादेवी मंदिरात शके 1098 चा, म्हणजे इ. स. 1176 चा शिलालेख आहे. तो कोरला गेला त्या काळची राज्ये लयास गेली. अक्षरे मात्र दगडावर राहिली. लिहून ठेवलेली गोष्ट माणसांहून अधिक टिकते, याची ही वऱ्हाडातील साक्ष. असाच एक जुना लेख, शिळेवरचा नव्हे तर सनदेतला, स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या लहानशा गावाच्या कामी आला. गोल्फच्या चार प्रमुख व्यावसायिक स्पर्धांपैकी सर्वांत जुनी ‘द ओपन’. ती सर्वाधिक वेळा याच गावाच्या मैदानावर खेळली गेली आहे.

या गावाला आज रेल्वे नाही. ती 1969 मध्ये बंद झाली. एडिंबरोहून येणारा प्रवासी ल्यूकर्स स्थानकावर उतरतो आणि तेथून बसने गावात येतो. बाराव्या शतकात उभारणीस आरंभ झालेल्या भव्य चर्चचे भग्नावशेष आणि 1413 मध्ये प्रस्थापित झालेले विद्यापीठ ही गावाची भूषणे. गावाला लागून समुद्र. आणि समुद्र व शेती यांच्यामधे वाळूमिश्रित, वाऱ्याने झोडपलेली, आखूड गवताची जमीन. तिला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. नांगराला ती निरुपयोगी. म्हणून गुरे चारावीत, कपडे वाळवावेत, खेळावे, यासाठी ती सर्वांची. वऱ्हाडात जिला गायरान किंवा ‘ई-क्लास’ म्हणतात, त्याच जातकुळीची ही जमीन.

1552 मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी या जमिनीवर ससे पाळण्याची परवानगी मिळवली. त्या वेळी झालेल्या सनदेत नगरवासीयांचे हक्कही नमूद झाले: गुरे चारण्याचे, गवताची ढेपळे कापून नेण्याचे, तसेच गोल्फ व फुटबॉल खेळण्याचे. त्या दिवशी हा मजकूर फार महत्त्वाचा वाटला नसेल. त्याची खरी किंमत अडीच शतकांनी कळली.

1797 मध्ये नगर परिषद कर्जात बुडाली आणि तिने हे कुरण विकून टाकले. पुढे ते डेम्पस्टर या व्यापारी पितापुत्रांच्या हाती गेले. मांस व कातडी यांसाठी त्यांनी तेथे सशांची पैदास मोठ्या प्रमाणावर सुरू केली. बिळांनी मैदान पोखरले गेले, खेळणे अशक्य झाले. गाव आणि मालक यांच्यात वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले, आणि या भांडणात मुक्या जनावरांचाही बळी गेला. मालकाकडे खरेदीखत होते. गावाकडे जुनी सनद होती. जमीन विकली गेली तरी तिच्यावरील वहिवाटीचा हक्क विकला गेलेला नाही, हाच गावाच्या म्हणण्याचा गाभा. तारण घेताना मालकीबरोबर जमिनीवरील बोजाही तपासावा लागतो, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. अखेर 1821 मध्ये शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी ही जमीन विकत घेतली व खेळासाठी राखली. 1894 मध्ये संसदेच्या कायद्याने ती पुन्हा गावाची झाली, आणि 1974 च्या कायद्याने तिचा कारभार एका न्यासाकडे सोपवण्यात आला.

गोल्फच्या फेरीत 18 खळगे असतात. ही संख्याही येथूनच रूढ झाली. 1764 मध्ये येथील 22 खळग्यांचे 18 करण्यात आले. ‘द ओपन’ची सुरुवात 1860 मध्ये प्रेस्टविक येथे अवघ्या आठ खेळाडूंनिशी झाली. सेंट अँड्र्यूजला ती प्रथम आली 1873 मध्ये. 2022 साली दीडशेवी स्पर्धा येथेच भरली, तेव्हा सुमारे 2,90,000 प्रेक्षक आले. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी 2015 मध्ये याच मैदानावर संयुक्त तिसावा आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत तो संयुक्त पाचव्या स्थानी पोहोचला.

एवढे मोठे नाव, तरी मैदानाला गावाची ओळख आहे. पहिल्या आणि अठराव्या खळग्याच्या पट्ट्यांतून एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. वाटसरू आला की श्रीमंतातला श्रीमंत खेळाडूही चेंडू मारायचा थांबतो. येथे खेळायला सभासद असावे लागत नाही. खेळण्याच्या अनेक वेळा रोजच्या सोडतीने ठरतात. रविवारी, मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडता, खेळ बंद. त्या दिवशी आजोबा काठी टेकीत, मुले धावत, कोणी कुत्र्याला घेऊन, सारे गाव त्या हिरवळीवर फिरते. जगभरचे लोक जेथे एकदा उभे राहता यावे म्हणून पैसा साठवतात, तेथे गावकरी दर रविवारी फुकट फिरतो.

आपल्याकडे गायरानाकडे पडीक जमीन म्हणूनच पाहिले जाते. कोणी कुंपण घालतो, कोणी गाळा काढतो. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी राज्यांना योजना आखण्याचे आदेश दिले. परंतु सर्वांची जमीन म्हणजे कोणाचीच नव्हे, ही समजूत न्यायालयाच्या आदेशाने जात नाही. त्यासाठी गावाला आपला सातबारा वाचता आला पाहिजे, आणि दप्तरात आपला हक्क कोणत्या शब्दांत लिहिला आहे, हे माहीत असले पाहिजे. सेंट अँड्र्यूजच्या लोकांना ते माहीत होते. म्हणूनच पैसा संपल्यावरही त्यांचे कुरण संपले नाही.